अपुरी आकडेवारी जबाबदारीने बाहेर कशी द्यावी: डेंगीच्या साप्ताहिक पत्रकाची रीत

जुलै अर्धा सरला की महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांत डेंगीचे दोन-तीन वेगवेगळे आकडे फिरू लागतात. खासगी रुग्णालयं एक सांगतात, महापालिका दुसरा सांगते, राज्याच्या तक्त्यात तिसराच असतो. मग ‘आकडे लपवले’ अशी बातमी येते. बहुतेक वेळा तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असतात. प्रत्येक आकडा वेगळी गोष्ट मोजत असतो, आणि तो नेमकं काय मोजतो हे कोणी लिहिलेलं नसतं.

यावर कार्यालयातून हमखास मिळणारं उत्तर म्हणजे ‘पक्का आकडा आला की देऊ’. रोग सर्वेक्षणात पक्का आकडा साथ ओसरल्यावर मिळतो. पिंपातलं पाणी ओतून टाकायचं, तापाच्या तिसऱ्या दिवशी रक्त तपासून घ्यायचं, शाळेने मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे घालायला सांगायचं, हे सगळं त्याच्या आधी व्हायला हवं असतं. म्हणून आकडा अपुरा असतानाच द्यावा लागतो. मात्र त्याचं अपुरेपण त्याच्यासोबतच गेलं पाहिजे. आकडा पहिल्या पानावर आणि खुलासा शेवटच्या तळटिपेत असेल, तर वर्तमानपत्रात, व्हॉट्सॲपवर, सभागृहात फक्त आकडा पोहोचतो.

हा लेख जिल्हा आणि महापालिका पातळीवर साथरोग सर्वेक्षणाचं काम करणाऱ्यांसाठी आहे, आणि त्यांच्याकडून आकडे घेऊन पुढे मांडणाऱ्या संस्थांसाठीही. उदाहरण डेंगीचं घेतलं आहे, कारण सर्वेक्षणातल्या जवळपास सगळ्या उणिवा या एका आजारात सापडतात.

आधी आकड्याचा प्रवास लिहून काढा

एका कागदावर, ताप आलेल्या माणसापासून तुमच्या तक्त्यापर्यंतचा रस्ता लिहा. माणूस दोन दिवस अंगावर काढतो. मग गल्लीतल्या डॉक्टरकडे जातो. तिथे प्लेटलेट मोजतात, फार तर कार्डावरची झटपट चाचणी होते. ती पॉझिटिव्ह आली तरी राष्ट्रीय कार्यक्रमाच्या नियमानुसार तो डेंगीचा निश्चित रुग्ण ठरत नाही. त्यासाठी एलायझा पद्धतीची (प्रयोगशाळेत प्लेटवर होणारी) एनएस-१ (रक्तात विषाणूचं प्रथिन शोधणारी) किंवा आयजीएम (शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं शोधणारी) चाचणी लागते. नमुना सेंटिनल प्रयोगशाळेत, म्हणजे सर्वेक्षणासाठी नेमलेल्या प्रयोगशाळेत, गेला तरच तो मोजला जाण्याची शक्यता निर्माण होते. तिथेही एक-दोन नमुन्यांसाठी एलायझाची प्लेट लावत नाहीत, पुरेसे नमुने जमेपर्यंत थांबतात. नमुना कोणत्या दिवशी घेतला हेही महत्त्वाचं आहे. एनएस-१ पहिल्या पाच दिवसांत उपयोगी, आयजीएम त्यानंतर. चुकीच्या दिवशी चुकीची चाचणी झाली की खरा रुग्ण निगेटिव्ह निघतो.

निकाल आल्यावर नोंद आयएचआयपीवर, म्हणजे केंद्र सरकारच्या ऑनलाइन आरोग्य माहिती मंचावर, चढते. एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम २००४ मध्ये सुरू झाला तेव्हापासून उपकेंद्राचा एस, वैद्यकीय अधिकाऱ्याचा पी आणि प्रयोगशाळेचा एल असे तीन फॉर्म आहेत. २०२१ पासून हे देशभर आयएचआयपीवर भरले जातात. एकच माणूस या तिन्हींत दिसू शकतो. रुग्णालय बदललं तर दोनदा दिसतो, आणि नावाचं स्पेलिंग वेगळं पडलं तर संगणकाला ते कळत नाही. पत्ता हा आणखी एक घोळ. मुळशीतला माणूस पुण्यात भाच्याकडे राहून उपचार घेतो आणि केसपेपरवर भाच्याचा पत्ता लागतो.

प्रत्येक टप्प्यापुढे दोन प्रश्नांची उत्तरं लिहा: इथे कोण गळतो? इथे किती दिवस जातात? उत्तरासाठी त्या त्या माणसाला विचारा: प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाला, डेटा एंट्री करणाऱ्याला, आशाताईंना. साहेबांच्या टेबलावर बसून हा कागद भरला तर तो परिपत्रकासारखा दिसेल, कामाचा राहणार नाही. पुढचं सगळं याच कागदावर उभं राहतं.

कोणाला द्यायचं, ते ठरवा

नगरसेवकाला आपल्या प्रभागात काय चाललंय ते हवं असतं. बातमीदाराला आज सांगता येईल असं एक वाक्य हवं असतं. खासगी डॉक्टरला कळायला हवं असतं की या आठवड्यात तापाच्या रुग्णात डेंगीचा संशय किती धरायचा. संशोधकाला कच्च्या ओळी हव्या असतात. रहिवाशाला काय करायचं ते हवं असतं. एकाच तक्त्याने या सगळ्यांचं भागत नाही, पण पाच वेगवेगळी पत्रकं काढायला मनुष्यबळही नसतं. माझ्या मते दोन पुरेत: सर्वांसाठी दोन पानांचं साप्ताहिक पत्रक, आणि संशोधकांसाठी करार करून दिली जाणारी, ओळख काढून टाकलेली फाइल. प्रभागाचा तपशील पत्रकातच, पण पुढे सांगितलेली काळजी घेऊन.

परवानगी प्रत्येक आकड्यासाठी मागू नका, साच्यासाठी मागा. पत्रकाचा नमुना, वार आणि वेळ यांना आरोग्य अधिकाऱ्यांची किंवा जिल्हाधिकाऱ्यांची एकदाच, साथ नसताना, लेखी मंजुरी घ्या. ‘दर गुरुवारी दुपारी ४ वाजता’ असं जाहीर झालं की वाईट आठवडा दाबून ठेवण्याचा मोह आणि दबाव दोन्ही कमी होतात. गुरुवार का? रविवारी आठवडा संपतो, सोमवार-मंगळवार राहिलेल्या नोंदी आणि दुहेरी नावं तपासण्यात जातात, बुधवारी कोणीतरी दुसऱ्याने बेरजा पाहायच्या. हा एक दिवस वाचवू नका.

संशयित, निश्चित आणि मृत्यू

हे तीन रकाने कधीही एकत्र करू नका. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात गिया बारे या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा राज्याच्या पत्रकांत संशयित आणि निदान निश्चित झालेले रुग्ण वेगळे दिले जात होते, मृत्यूंतही हा फरक दाखवला जात होता, आणि पुणे महापालिका, महापालिकेत नव्याने आलेली गावं, पिंपरी-चिंचवड, पुणे ग्रामीण, इतर जिल्हे अशी विभागणी होती. ही चांगली पद्धत आहे. संशयितांची संख्या लवकर हलते आणि इशारा देते. निश्चित संख्या मागून येते आणि भक्कम असते. वाचकाला दोन्हींची गरज असते.

प्रत्येक रकान्याची व्याख्या एका साध्या वाक्यात, रकान्याच्या अगदी खाली छापा. ‘संशयित: ताप आणि डेंगीची इतर लक्षणं असलेला, डॉक्टरने कळवलेला रुग्ण, चाचणी झालेलीच असेल असं नाही.’ ‘निश्चित: सेंटिनल प्रयोगशाळेतल्या एलायझा चाचणीत पॉझिटिव्ह.’ कार्ड चाचणीतल्या पॉझिटिव्ह रुग्णांचं काय करायचं हा नेहमीचा वाद. त्यांना निश्चितमध्ये घालता येत नाही, पण वगळलं तर खासगी रुग्णालयांचा आकडा आणि तुमचा आकडा यांतली दरी कोणालाच समजत नाही. त्यांना ‘झटपट चाचणीत पॉझिटिव्ह, एलायझा बाकी’ असा स्वतःचा रकाना द्या. सगळ्यात जास्त गैरसमज या एका रकान्याने मिटतात.

मृत्यूंच्या बाबतीत घाईही नको आणि मौनही नको. डेंगीचा मृत्यू म्हणून अंतिम नोंद मृत्यू परीक्षण समितीच्या निर्णयानंतर होते आणि त्याला काही आठवडे लागू शकतात. तोवर ‘शून्य मृत्यू’ असं छापणं खोटं ठरतं, कारण रुग्णालयाने मृत्यू कळवलेला असतो आणि घरच्यांना कारण सांगितलेलं असतं. ‘समितीपुढे असलेले संशयित मृत्यू’ हा आकडा द्या आणि समितीची पुढची बैठक कधी आहे तेही लिहा.

तारीख: सगळ्यात मोठा धोका इथे आहे

एका रुग्णाला किमान चार तारखा असतात: ताप सुरू झाला ती, नमुना घेतला ती, निकाल आला ती, नोंद चढली ती. ‘आज ४१ रुग्ण’ याचा अर्थ बहुतेक वेळा ‘आज ४१ नोंदी चढल्या’ एवढाच असतो. रविवारी नोंदी कमी आणि सोमवार-मंगळवारी जास्त हा कोविडच्या काळात सगळ्यांनी पाहिलेला प्रकार. साथ खरोखर चढते आहे की उतरते आहे हे पाहायचं तर ताप सुरू झाल्याच्या तारखेनुसार आलेख काढावा लागतो. ती तारीख नसेल तर नमुन्याची तारीख घ्या आणि तसं लिहा.

पण ताप सुरू झाल्याच्या तारखेवर काढलेल्या आलेखाचं शेपूट नेहमी खाली वळलेलं दिसतं. गेल्या आठवड्यात आजारी पडलेल्यांपैकी अनेकांचे निकाल अजून यायचे असतात. साथ वेगाने वाढत असतानाही हा आलेख ‘उतरती’ दाखवतो, आणि त्यावरून ‘डेंगी आटोक्यात’ असं निवेदन निघतं. मला हा सर्वेक्षणातला सगळ्यात नुकसानकारक गैरसमज वाटतो, कारण तो चांगल्या हेतूने, खऱ्या आकड्यांवरून होतो.

उपाय गणिताचा आहे आणि सोपा आहे. मागच्या हंगामाची रुग्णांची यादी घ्या. प्रत्येक आठवड्यात आजारी पडलेल्या एकूण रुग्णांपैकी किती जण एका आठवड्यात नोंदले गेले, किती दोन, तीन, चार आठवड्यांत, ते मोजा. समजा (हे आकडे केवळ समजावण्यासाठी) अंतिम १०० रुग्णांपैकी पहिल्या आठवड्याअखेर ४०, दुसऱ्याअखेर ७०, तिसऱ्याअखेर ९० आणि चौथ्याअखेर सगळे १०० नोंदले गेले होते. आता यंदाचे शेवटचे चार आठवडे आज असे दिसतात: ८०, ७२, ६३, ३६. सरळ उतरण. प्रत्येकाला त्याच्या वाट्याने भागा: ८० ला १, ७२ ला ०.९, ६३ ला ०.७, ३६ ला ०.४. उत्तर येतं ८०, ८०, ९०, ९०. साथ उतरत नाही, चढते आहे.

हा भागाकार अंदाज आहे, म्हणून एकच संख्या देऊ नका. मागच्या हंगामात पहिल्या आठवड्याचं प्रमाण कधी ३० टक्के, कधी ५० टक्के असेल, तर या आठवड्याचे ३६ रुग्ण अखेर ७२ ते १२० होऊ शकतात. ‘७२ ते १२० च्या दरम्यान’ असंच छापा. गणपतीत आणि दिवाळीत प्रयोगशाळांचं वेळापत्रक बदलतं, लोक गावी जातात, चाचण्या कमी होतात. किट संपले असतील तरीही तेच. अशा आठवड्यांना मागचं प्रमाण लागू पडत नाही, तेव्हा अंदाज न देता कारण लिहा.

मागच्या वर्षाची यादी नीट नसेल आणि हे गणित करता येत नसेल, तर किमान एवढं करा: आलेखातले शेवटचे दोन स्तंभ फिकट रंगात काढा आणि त्यांच्यावरच, आडव्या अक्षरांत, ‘अपूर्ण, वाढणार’ असं लिहा. चित्र कापून पुढे पाठवलं तरी शब्द त्यात राहतील. पत्रकातल्या कोणत्याही वाक्यात या दोन आठवड्यांची मागच्या आठवड्यांशी तुलना करू नका.

किती जणांना तपासलं, किती लोकांत

रुग्णसंख्येशेजारी तपासलेल्या नमुन्यांची संख्या नसेल तर तो आकडा बाहेर देऊ नका. इथे मी हट्टी आहे. हिवतापाच्या कार्यक्रमाला हे फार पूर्वीपासून माहीत आहे: तिथे रुग्णांबरोबर वार्षिक रक्त तपासणी दर मोजतात आणि तो लोकसंख्येच्या किमान १० टक्के असावा अशी अपेक्षा असते. गडचिरोलीत रुग्ण जास्त दिसतात त्यात डास आणि जंगल आहेच, पण तिथे आशा आणि आरोग्य सेवक घरोघर रक्त तपासतात हेही आहे. जिथे कोणी शोधत नाही तिथे आजार कागदावर नसतो.

क्षयरोगाचं उदाहरण अजून बोलकं आहे. देशात २०१९ मध्ये २४.०४ लाख रुग्ण नोंदले गेले, २०२० मध्ये १८.०५ लाख. त्या वर्षी क्षयरोग घटला नव्हता. टाळेबंदीत लोक दवाखान्यापर्यंत पोहोचले नव्हते. २०२३ मध्ये नोंद सुमारे २५.५ लाखांवर गेली, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार नव्या रुग्णांचं प्रमाण २०१५ मधल्या लाखामागे २३७ वरून २०२३ मध्ये १९५ पर्यंत खाली आलं होतं. नोंदी वाढल्या, आजार कमी झाला. खासगी डॉक्टरांना नोंद बंधनकारक झाली, शोध वाढला, म्हणून नोंदी वाढल्या. डेंगीत तुमच्याकडे नव्याने २० खासगी प्रयोगशाळा अहवाल देऊ लागल्या असतील तर ‘गेल्या वर्षीपेक्षा दुप्पट’ हे वाक्य लिहिण्याआधी जुन्या केंद्रांपुरतीच तुलना करून पाहा. दोन्ही छापा: सर्व केंद्रांचा आकडा, आणि दोन्ही वर्षी अहवाल देणाऱ्या केंद्रांचा आकडा.

लोकसंख्येने भागायचं तर आणखी एक अडचण. आपल्याकडची शेवटची पूर्ण जनगणना २०११ ची. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं आली. किरकटवाडी, नांदेड, नांदोशी ही गिया बारेच्या बातम्यांत आलेली नावं त्यातलीच. २०११ ची हद्द आणि आजचे रुग्ण असा भागाकार केला तर दर फुगतो, आणि तो नेमका कडेच्या वस्त्यांत जास्त फुगतो. कोणती हद्द आणि कोणत्या वर्षाची लोकसंख्या वापरली ते दराच्या खाली लिहा. नव्या हद्दीचा खात्रीचा अंदाज नसेल तर प्रभागनिहाय दर देऊच नका, संख्या द्या.

माणूस ओळखू येईल का

ऑगस्ट २००९ मध्ये भारतातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू पुण्यात झाला. ती शाळकरी मुलगी होती, आणि तिचं नाव, तिची शाळा सगळं काही छापून आलं. २०२४ मध्ये पुण्यात झिकाचे रुग्ण सापडले तेव्हा सुरुवातीच्या बातम्यांत वय, परिसर, व्यवसाय, नातं असे तुकडे एकत्र आले. नाव नव्हतं, पण त्या परिसरात नावाची गरजही उरली नव्हती. झिकाच्या रुग्णांत गरोदर बायकाही असतात. त्या घरांवर काय येत असेल याचा विचार तक्ता काढणाऱ्याने आधी करायला हवा.

म्हणून नाव काढलं की झालं, असं नाही. लहान संख्या स्वतःच ओळख सांगते. नियम ठरवा: ५ पेक्षा कमी रुग्ण असलेला रकाना दाखवायचा नाही. अमेरिकेच्या सीडीसी या रोग नियंत्रण संस्थेच्या वंडर या माहितीसाठ्यात ही मर्यादा १० आहे. पाच घ्या किंवा दहा, पण हंगामाच्या आधी ठरवा आणि मधेच बदलू नका.

एवढ्यावर भागत नाही, कारण बेरजेतून वजाबाकी होते. समजा पाच तालुक्यांची बेरीज ६१ आहे, चार तालुके २४, १७, ९ आणि ८ असे दाखवले आहेत आणि पाचवा झाकला आहे. शाळेतलं मूलही सांगेल की तो ३ आहे. म्हणून आणखी एक रकाना झाकावा लागतो, सहसा त्याच्या वरचा सगळ्यात लहान, किंवा दोन तालुके एकत्र दाखवावे लागतात. आठवड्यांचीही वजाबाकी होते: एकूण संख्या मागच्या गुरुवारी १२ आणि या गुरुवारी १३ असेल, तर नवा रुग्ण एक आहे हे उघड झालं. वय, लिंग आणि गाव हे तिन्ही एकाच तक्त्यात कधी घालू नका. वय-लिंग जिल्ह्याच्या पातळीवर, गाव-प्रभाग फक्त एकूण संख्येपुरता.

नकाशावर घराच्या जागी ठिपका लावणं तर पूर्ण टाळा. ठिपका प्रभागाच्या मध्यावर लावला तरी लोक तो घराचाच समजतात. त्यापेक्षा प्रभाग रंगवा. एचआयव्हीच्या बाबतीत २०१७ च्या कायद्याने संमतीशिवाय स्थिती उघड करायला मनाई केली आहे. डेंगीला तसा स्वतंत्र कायदा नाही, म्हणून माणसाची लाज, नोकरी आणि भाड्याचं घर कमी मोलाचं ठरत नाही.

पत्रकातली वाक्यं

इथे बहुतेक पत्रकं फसतात. ‘सदर आकडेवारी तात्पुरती असून बदलास पात्र आहे’ हे वाक्य खरं आहे आणि निरुपयोगी आहे. कशामुळे, कोणत्या दिशेने, किती बदलणार, हे त्यात नाही. दिशा सांगणं सगळ्यात महत्त्वाचं. आकडा खऱ्यापेक्षा कमी असण्याची शक्यता आहे की जास्त, हे तुम्हाला जवळजवळ नेहमी माहीत असतं. वाचकाला ते माहीत नसतं.

असा परिच्छेद लिहून पाहा (आकडे काल्पनिक): ‘१ जूनपासून रविवार, २४ ऑगस्टपर्यंत शहरात राहणाऱ्या १८६ जणांना डेंगी झाल्याचं एलायझा तपासणीत निश्चित झालं. या काळात १,५५० नमुने तपासले, म्हणजे तपासलेल्या शंभरांत १२ पॉझिटिव्ह. प्रत्यक्ष रुग्ण यापेक्षा जास्त असणार, कारण खासगी दवाखान्यांत फक्त कार्ड चाचणी झालेले रुग्ण यात नाहीत. असे ९४ रुग्ण वेगळे कळवले गेले आहेत. ५२ पैकी ४५ रुग्णालयांनी या आठवड्याचा अहवाल दिला. शेवटच्या दोन आठवड्यांची संख्या वाढेल. मागच्या पत्रकानंतर दुहेरी नोंदी सापडल्याने ७ रुग्ण वजा केले आहेत.’

प्रत्येक वाक्यात आकडा आणि त्याची मर्यादा एकत्र आहेत, त्यामुळे कुठलंही एक वाक्य उचललं तरी ते दिशाभूल करत नाही. ‘५२ पैकी ४५’ यातलं ४५ कधीही गाळू नका. अहवाल न देणारी सात रुग्णालयं कोणती, हे बाहेर छापायचं की नाही ते त्यांना आधी दोनदा कळवल्यावर ठरवा.

पत्रकाच्या शेवटी लोकांनी काय करायचं ते द्या, पण त्या आठवड्याच्या आकड्याशी जोडून. पाणी साठवण्याच्या टाक्यांत अळ्या जास्त सापडल्या असतील तर टाक्यांबद्दल लिहा, टायरबद्दल नको.

फाइल

थोडक्यात: पीडीएफसोबत सीएसव्ही (संगणकाला थेट वाचता येणारी साधी तक्त्याची फाइल) द्या. कोविडच्या पहिल्या दोन वर्षांत कोविड१९इंडिया या स्वयंसेवकांच्या उपक्रमाला राज्यांच्या पत्रकांतून आणि प्रतिमांतून आकडे टिपून भरावे लागत होते; ऑक्टोबर २०२१ अखेर त्यांनी काम थांबवलं तोवर देशातले अनेक संशोधक त्यांच्याच नोंदींवर अवलंबून होते. ती मेहनत सरकारी फाइल वाचनीय असती तर लागली नसती.

शून्य आणि ‘अहवाल आला नाही’ यांसाठी दोन वेगळ्या खुणा ठेवा. रिकामी जागा कोणीतरी शून्य म्हणून वाचणारच. झाकलेल्या रकान्याला तिसरी खूण. फाइलच्या नावात तारीख घाला, जुन्या फाइल काढून टाकू नका.

आणि ओळी मोजा. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्याकडून १५,८४१ पॉझिटिव्ह रुग्ण दैनंदिन आकड्यांतून सुटले, कारण एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये ६५,५३६ ओळींपुढे जागाच नव्हती. त्या रुग्णांच्या संपर्कातल्यांचा शोधही त्यामुळे लांबला. दर वेळी आलेल्या ओळी आणि चढलेल्या ओळी जुळवणं हे पाच मिनिटांचं काम आहे.

आकडा बदलावा लागला तर

बदलावा लागेलच. १६ जून २०२० रोजी महाराष्ट्राने जुन्या नोंदींची जुळवणी करून १,३२८ कोविड मृत्यू एकदम जोडले. त्यातले ८६२ मुंबईतले होते. जून २०२१ मध्ये बिहारने फेरतपासणीनंतर ३,९५१ मृत्यू वाढवले. १२ ऑगस्ट २०२० ला ब्रिटनचा एकूण मृत्यूंचा आकडा ४६,७०६ वरून ४१,३२९ वर आला, कारण तोवर इंग्लंडमध्ये पॉझिटिव्ह आल्यानंतर कितीही दिवसांनी झालेला मृत्यू मोजला जात होता आणि त्या दिवसापासून २८ दिवसांची मर्यादा लागू झाली. वाढ असो वा घट, तीनही वेळा प्रश्न एकच उठला: आधी काय चाललं होतं?

त्या प्रश्नाचं उत्तर त्याच दिवशी, त्याच पत्रकात हवं. जुना आकडा, नवा आकडा, फरक, कारण, आणि तो फरक कोणत्या तारखांत वाटला गेला. शेवटचा मुद्दा विसरला जातो. जुने मृत्यू ‘आजच्या’ दिवसात टाकले तर आलेखात एक उंच सुळका उभा राहतो आणि अनेक वर्षं तो पाहून लोक फसतात. ते ज्या त्या दिवशी मागे नेऊन ठेवा. तारखा अजून कळल्या नसतील तर ‘तारीख बाकी’ असा वेगळा रकाना करा, आलेखात घालू नका. बदल मोठा असेल तर पत्रकाची वाट न पाहता आदल्या दिवशी बातमीदारांना सांगा. लहान बदलांची यादी दर गुरुवारी, पत्रकाच्या पहिल्या पानावर. दर आठवड्याला चार-सहा नोंदी बदलताना दिसत राहिल्या की वर्षातून एकदा शंभर बदलल्या तरी लोक बिथरत नाहीत.

व्याख्याच बदलली तर किमान चार आठवडे दोन्ही व्याख्यांचे आकडे शेजारी-शेजारी द्या.

बोलताना, आणि कधी थांबावं

‘साथ आटोक्यात आहे का?’ हा प्रश्न येणारच. हो किंवा नाही म्हणू नका. काय दिसतं आहे, किती खात्री आहे, आणि पुढे कधी कळेल, या क्रमाने तीन वाक्यं तयार ठेवा. ‘दोन आठवड्यांपूर्वीपर्यंतचे आकडे स्थिर आहेत. त्यानंतरचे अपूर्ण आहेत, पण पॉझिटिव्ह येण्याचं प्रमाण वाढलं आहे. पुढच्या गुरुवारी अधिक खात्रीने सांगता येईल.’ दुसऱ्या जिल्ह्याशी तुलना विचारली तर तिथल्या तपासण्या किती, हे आधी विचारा. माहीत नसेल तर ‘माहीत नाही, शोधून सांगतो’ असं म्हणा आणि खरोखर सांगा.

थांबण्याची कारणं मोजकी आहेत. प्रयोगशाळेच्या निकालातच शंका असेल, जसं की एका प्लेटवरचे सगळे नमुने पॉझिटिव्ह; किंवा आकडा दिल्याने एखादं घर उघडं पडत असेल; किंवा घरच्यांना अजून कळवलेलं नसेल. तेव्हाही पत्रक काढा आणि तो भाग का दिला नाही ते लिहा. अधिवेशन, निवडणूक, मंत्र्यांचा दौरा ही कारणं या यादीत नाहीत.

ज्यांनी नोंदी पाठवल्या त्यांना आकडा बाहेर जाण्याआधी दाखवा. तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्याला आपल्या तालुक्याचा आकडा पेपरातून कळला तर पुढच्या वेळी तो हात आखडता घेतो. त्याहून घातक म्हणजे रुग्ण जास्त म्हणून खुलासा मागणं. ज्या केंद्राने जास्त रुग्ण शोधले त्यालाच नोटीस मिळाली, की शेजारची केंद्रं शोधणं थांबवतात, आणि तुमचा आकडा कोणत्याही गणिताने दुरुस्त होत नाही. आढावा बैठकीत तालुक्यांची क्रमवारी लावायचीच असेल तर नोंद किती दिवसांत आली आणि ताप सुरू झाल्याची तारीख किती नोंदींत भरली आहे, यावर लावा.

हे सगळं ऑगस्टमध्ये सुरू करू नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये मागच्या हंगामाचं एक पत्रक या रीतीने तयार करा. ते एका बातमीदाराला, एका खासगी डॉक्टरला आणि एका आशाताईंना वाचायला द्या आणि प्रत्येकाला एकच विचारा: यावरून डेंगी वाढतोय की कमी होतोय? आलेखाचं शेपूट पाहून कोणी ‘कमी होतोय’ म्हणालं, तर त्या दोन फिकट स्तंभांवरची अक्षरं मोठी करा आणि पुन्हा दाखवा.